वुर्यानीला मानवलेला काढा

पारजी भाजीवाल्याने सोयाबीनच्या तेंपेची वडी केळीच्या पानात गुंडाळता गुंडाळता, आज मिरची स्वस्त आहे हे सांगावं तशा आवाजात सांगितलं, की वेनिंगने ऑपरेशन रद्द केलं. वर मान न करताच, थोरल्या बाईला लावायचं ते 'बु' लावून, पुढे म्हणाला, "तुमच्यामुळेच हो, बु. तुम्हाला काढा मानवला, मग तिला का नाही मानवणार? उद्या भरती व्हायचं होतं, नाही म्हणून कळवणार आहे म्हणे. शहाणी पोरगी." हातगाडीभोवतीच्या चार बायकांनी वुर्यानीकडे कौतुकाने पाहिलं. एकीने तर तिच्या दंडाला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला, देवळातून आल्यासारखा. वुर्यानीच्या हातात नाळीच्या भाजीची जुडी होती. ती हसली. नंतर दिवसभर तिला हेच सहन होईना, की ती हसली. बातमी कानात होती आणि तोंड आपलं हसत होतं, मान डावीकडे किंचित कलली होती, ओठांवर "छे हो, माझं काय त्यात, देवाची कृपा" हे शब्द आले होते आणि बाहेरही पडले होते. बायका म्हणाल्या, किती नम्र! जावातल्या या सोलो शहरात माणूस असं बोललं की लोक खूश होतात. खरं बोललं की विचारतात, बरं नाही का वाटत?

भाजी घेऊन ती गल्लीतून परत निघाली. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं, आणि ओट्यावर चढलं की "या ना, बसा" ऐकावं लागतं, आणि ते ऐकलं की "नको हो, परत कधीतरी" म्हणावं लागतं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तिला वाटलं, एकदा खरंच आत शिरून बसावं, जेवायला वाढा म्हणावं, मग बघू यांची तोंडं. वेनिंग, मशिदीमागे झेरॉक्सचं दुकान चालवणारी. वुर्यानीने तिला नवरी म्हणून सजवलं होतं. वुर्यानीचा धंदाच तो, नवऱ्या सजवण्याचा. आदल्या दिवशी उपास धरायचा, पहाटे नवरीच्या कपाळावर काळ्या लेपाच्या कमानी काढायच्या, हात हलता कामा नये, आणि शेवटी मंत्र पुटपुटून टाळूवर हळूच फुंकर मारायची. लोक म्हणत, बु वुर्यानीच्या तोंडचं खरं होतं. वेनिंगचं कपाळ अरुंद होतं, कमानी बसवताना तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता, आणि वुर्यानी तिला म्हणाली होती, "न्दुक, श्वास घे पोरी, नाहीतर मांडवाऐवजी दवाखान्यात जाशील." दोघी खूप हसल्या होत्या. आता त्या वाक्यातलं हसू काही केल्या आठवेना. शेंगदाण्याएवढी गाठ होती वेनिंगच्या छातीत. डॉक्टर म्हणाले होते, लवकर आलात, फार बरं केलंत. लवकर! आणि ही बया आता घरी बसून काढा पिणार, शेंगदाण्याचा नारळ होईपर्यंत.

काढ्यावर तिचा राग होता असं नाही. कुणी तसं म्हटलं असतं तर ती भांडली असती. हळद-चिंचेचं पाणी ती लहानपणापासून पीत आली होती, बाळंतपणानंतर पोटपट्टा बांधला होता, पाठ धरली की आजही म्हातारी मालीशवाली येऊन मणक्यांचा हिशेब करून जायची. डॉक्टरांनीही काही सगळ्यालाच नाही म्हटलं नव्हतं. मळमळीवर आलं घ्या, म्हणाले होते, मालीश घ्या पण त्या बाजूच्या हाताला नको, प्रार्थना हवी तेवढी करा, पण जे काही पोटात घ्याल ते मला सांगा. सांगा! हीच तर गंमत होती. तिच्या स्वतःच्या छातीत गाठ निघाली तेव्हा आजारी पडल्यापेक्षा आजारी असल्याचं दिसण्याचीच तिला जास्त भीती होती. गाठ झालेल्या बाईकडून कोण आपल्या लेकीच्या कपाळाला हात लावून घेईल? म्हणून ऑपरेशनच्या वेळी ती मागेलांगला बहिणीकडे गेली होती, असं गल्लीला सांगितलं गेलं. नंतरच्या केमोच्या सलाइनी म्हणजे "तपासणी". केस गेले ते रुमालाखाली गेले, रुमाल तर ती आधीपासूनच बांधायची. पण सोलोतल्या गल्लीला किती फसवणार? गाठ आहे एवढं गल्लीला कळलंच. आणि मग भेटायला येणं सुरू झालं. एकटंदुकटं कुणी नाही, अख्खी भिशी, अख्खं भजनी मंडळ, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक भाड्याची मिनीबस करून. प्रत्येकाच्या हातात फळं आणि प्रत्येकाच्या तोंडात एक मावशी, जिला डॉक्टरांनी सोडून दिलं होतं आणि जी आता घोड्यासारखी धावते. त्या मावशीने काय घेतलं होतं? एकीने लक्ष्मणफळाची पानं. एकीने रानअळूचे गड्डे. एकीने पापुआच्या जंगलातला, मुंग्या आत घर करतात तो कंद. एका गृहस्थाने तर गाढविणीचं दूध सुचवलं आणि गाढवीण कुठे मिळेल हे विचारल्यावर दुखावला. वुर्यानी उशीला टेकून सगळ्यांना "इंग्गिह, इंग्गिह" म्हणायची. इंग्गिह म्हणजे हो. पण तो हो दाराच्या पायपुसण्यासारखा असतो, त्यावर सगळे पाय पुसतात आणि आत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही.

हे सगळे सल्ले गोळा करून त्यांचा एकच काढा केला तो कस्मिनीने. कस्मिनी तिची मोठी नणंद, बिनलग्नाची, याच घरात आयुष्य गेलेली. तिला घरात म्बाक्यू म्हणायचे, ताई म्हणावं तसं, आणि ती वुर्यानीला दिक, म्हणजे धाकटी. पहाटे उठून मातीच्या मडक्यात तीन पेल्यांचा एक पेला होईपर्यंत ती काढा आटवायची, लोखंडाचा चमचा लागू द्यायची नाही, आणि वर वुर्यानीसाठी स्वतः मीठ सोडलं होतं, नुसता पांढरा भात आणि पाणी. सांगितलं कुणी होतं? कुणीच नाही. घरातल्या माणसासाठी कुणीतरी पोट मारायलाच हवं, अशी या बायकांची समजूत. वुर्यानी सलाइनीने वाळत होती आणि कस्मिनी बिनमिठाच्या भाताने, आणि मधे दर्सोनो, तिचा नवरा, पारव्याच्या पिंजऱ्याला शीळ घालत बसलेला. पहिले काही दिवस तिने तो काढा खरंच प्यायला. कडू तर असा की कानाच्या पाळ्यासुद्धा आकसायच्या. उलट्या कशाने होतात हे कळेनासं झालं, आणि एका सकाळी दवाखान्यात रक्त तपासून नर्सने सांगितलं, यकृत सुजलंय, आज सलाइन नाही, घरी जा. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही घेता का?" वुर्यानी म्हणाली, "नाही, डॉक्टर." कस्मिनी शेजारीच बसली होती, मांडीवर थर्मास घेऊन, आणि थर्मासमध्ये काढा होता. कस्मिनीला वाईट वाटू नये म्हणून डॉक्टरांना नाही, डॉक्टरांनी रागावू नये म्हणूनही तेच नाही, आणि घरी आल्यावर कस्मिनीला हो. दोघं खूश. यकृताला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने पेला घ्यायचा, न्हाणीघरात जायचं, मोरीत ओतायचा, वरून दोन तांबे पाणी टाकायचं, आणि तोंड वाकडं करत बाहेर यायचं, असं सुरू केलं. यकृत उतरलं. सलाइनी पूर्ण झाल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टर हसले. आणि कस्मिनी गल्लीभर सांगत सुटली, "काढा मानवला हो! आमच्या दिकला काढा मानवला!" औषध चांगलं की वाईट, हा प्रश्नच इकडे कुणी विचारत नाही. मानवलं की नाही, एवढंच. आणि मानवलं म्हणणाऱ्याला खोटं कोण पाडणार? तिने तरी कुणाकुणाला अडवायचं होतं? ती रुमालाखाली टक्कल घेऊन, हसत, चहा विचारत होती.

मागच्या महिन्यात वेनिंग घरी आली होती. हात मांडीखाली दाबून बसली होती. "बु, खरं सांगा, काढा मानवला?" आणि तेव्हाच कस्मिनी ताटात केळ्याची भजी घेऊन दारात उभी राहिली, मीठ सोडून हाडांची काडी झालेली, डोळ्यांत असा आनंद, की वुर्यानीच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी, असं तिने नंतर स्वतःला शंभरदा सांगितलं होतं, दुसरं कुणीही असतं तरी तेच म्हणालं असतं. "हो ग, मानवला." तीन शब्द. तिला वाटलं होतं, पोरगी ऑपरेशनही करेल आणि वरून काढाही घेईल, घेतात तसे सगळे. वाटलं होतं! वाटायला काय जातं? म्हटलेलं एवढंच, की मानवला.

ती घरात शिरली तेव्हा कस्मिनी बाटलीत काढा भरत होती. "वेनिंगचाच आहे," ती खुशीत म्हणाली. "पहाटेच आटवला. आज कंद जरा जास्त घातलाय, तिचं वय लहान, रक्त गरम. ऐकलंस ना, दिक? सुरी नको म्हणाली पोरगी. गाठीला सुरी लागली की गाठ चिडते, मी आधीपासून सांगतेय."

"माझ्या गाठीला लागली होती की, म्बाक्यू."

"तुला काढा होता ना पाठीशी," कस्मिनी बाटलीचं बूच दाबत म्हणाली, "म्हणून तर नाही चिडली."

वुर्यानीने तेंपे खाली ठेवला, भाजी खाली ठेवली, पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवली. बाहेर दर्सोनो पारव्याला शीळ घालत होता. तिने त्याला हळू आवाजात सांगितलं, वेनिंगचं असं असं झालंय. तो म्हणाला, "डॉक्टर सांगतीलच की तिला." ती म्हणाली, डॉक्टरांनीच तर सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग झालं तर." आणि थोडा विचार करून, "तू गेलीस तर म्बाक्यूला काय वाटेल?" काय वाटेल, काय वाटेल! या घरात गॅसपेक्षा हेच जास्त जळतं. तिच्या डोक्यात आलं, आपल्याला गाठ झाली ती कदाचित अशीच, एकेक न बोललेला नाही आत साठत जाऊन. मग लगेच स्वतःचाच संताप आला, कारण हे तर मिनीबसवाल्यांच्या मावशीसारखंच झालं. गाठ ही गाठ असते, ती बोलण्याने होत नाही आणि काढ्याने जात नाही. पण बोलण्याने माणूस ऑपरेशन मात्र रद्द करू शकतं, हे तिला आता कळलं होतं. "बाटली मीच नेते," ती कस्मिनीला म्हणाली. कस्मिनीला इतकं बरं वाटलं, की तिने बाटलीभोवती स्वच्छ फडकं गुंडाळून दिलं.

वेनिंगचा नवरा कामावर गेला होता. झेरॉक्सचं यंत्र झाकलेलं होतं. वेनिंगने दार उघडताच दोन्ही हात पुढे करून तिचा हात धरला, कपाळाला लावला, बसा म्हणाली, घरात पसारा आहे म्हणाली, नव्हता. चहा आणला, झाकणाच्या पेल्यात, गोड, जास्मिनचा. पेला समोर ठेवून ती खाली बसली. यजमानाने तीनदा म्हटल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, ही रीत वुर्यानीला माहीत होती आणि आज त्या रीतीचाही तिला राग आला. तिने बाटली फडक्यासकट पायाशी ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. मागेलांग नव्हतं, ऑपरेशन होतं. तपासणी नव्हती, सलाइनी होत्या. काढ्याने यकृत सुजलं होतं. पुरेसं वाटेना तेव्हा तिने कुर्त्यात हात घालून उजव्या बाजूचा स्पंज बाहेर काढला, हडकुळ्या नवरीच्या चोळीत भरण्यासाठी ती जे स्पंज कापून ठेवत असे त्यातलाच एक, आणि चहाच्या पेल्याशेजारी ठेवला. "हे बघ. हे माझं मानवणं. आता तरी तुला कळलं का?"

वेनिंगने स्पंजाकडे पाहिलं नाही. पाहायचं नसतं. नजर तिने अदबीने वुर्यानीच्या गुडघ्यावर ठेवली. "इंग्गिह, बु," ती मऊ आवाजात म्हणाली. "किती सोसलंत तुम्ही. किती धीराच्या आहात."

"मग उद्या जाशील ना?"

"इंग्गिह, बु. बघते. घरी विचारते. घ्या ना, चहा घ्या."

मान डावीकडे किंचित कललेली. ओठांवर हसू. वुर्यानी तिच्याकडे बघत राहिली. हे हसू तिने स्वतःच सकाळी भाजीच्या गाडीपाशी घातलं होतं. हीच मान, हाच आवाज, हेच "बघते". तिला कळलं, की ही जाणार नाही. उद्या नाही आणि परवाही नाही. ही अशीच हो म्हणत राहील, डॉक्टरांना, नवऱ्याला, कस्मिनीला, सगळे खूश होऊन घरी जातील, आणि एक दिवस गल्ली मिनीबस करून हिच्या मातीला येईल. आणि आपण तिथेही हसून पाणी विचारू.

"इंग्गिह म्हणू नकोस," ती म्हणाली.

"इंग्... बरं, बु."

"बरंही म्हणू नकोस! मला बरं नकोय तुझं!" तिचा आवाज चढला. तिच्या नवऱ्यानेही तो आवाज कधी ऐकला नव्हता, तिने स्वतःही नाही. तो पत्र्यावर आपटून परत आला आणि तिला आणखी जोर चढला. "मोरीत ओतला मी तो काढा! ऐकलंस? रोज! पहाटे उठून आटवलेला, रोज मोरीत ओतला आणि वर पाणी टाकलं, आणि बाहेर येऊन मानवला म्हटलं. मी खोटारडी आहे. आमच्या मोरीला मानवला असेल तर मानवला असेल, मला कसला मानवतोय! आणि माझ्या खोटेपणावर तू मरायला निघालीस?"

शेजारच्या घरातलं खलबत्त्याचं कुटणं थांबलं. कुणाची तरी चप्पल गल्लीत घासली. वेनिंगने घाईने दाराकडे पाहिलं, "बु, हळू, लोक..." आणि उठून, निरोपाची वेळ झाली की उठतात तशी, किंचित वाकून उभी राहिली. "तुमचे फार उपकार झाले, बु. आठवणीने आलात."

म्हणजे, जा. वुर्यानी उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी निरोपाला उठलेलं असताना ती बसून राहिली. "मी नाही जात," ती म्हणाली. "पिशवी भर. उद्या सकाळपर्यंत मी इथेच बसणार. माझ्यासोबत चल. नाहीतर मला ओढून बाहेर काढ, लोकांना बोलाव, ते काय उभेच आहेत."

वेनिंग तशीच वाकून उभी होती. तिच्या ओठांवरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण ते थरथरू लागलं, आणि मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो वडीलधाऱ्यांशी बोलायचा नव्हताच. भावंडांत भांडताना असतो तो होता.

"नाही जायचं मला! नाही! तू कोण ग सांगणारी? तुला काय जातंय? तू वाचलीस, तू बस स्पंज लावून! माझ्या आईला कापली आणि कापल्यावर तिसऱ्या महिन्यात गेली ती! हसत गेली होती आत, मला म्हणाली, संध्याकाळी मासे कर. मी नाही जाणार तिथे! मला नाही कापून घ्यायचं! मला भीती वाटते! जा तू! जा ना!"

ती धापा टाकत होती. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वुर्यानीच्या अंगातला सगळा जोर एकदम ओसरला. कुणीही चहा घ्या म्हटलेलं नसताना तिने पेल्यावरचं झाकण काढलं आणि चहा प्यायला, निम्मा. गोड होता, कोमट झाला होता. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिच्याशी खरं बोललं होतं, शिव्या का असेनात. "हं," ती म्हणाली. "बस. आता बोललीस. मलाही वाटली होती. अशी वाटली होती की रात्री लघवीला उठताना पाय धरायचे नाहीत. कुणाला सांगितलं नाही मी. आईला गाठ केवढी होती तेव्हा? दवाखान्यात नेली तेव्हा?"

वेनिंगने हात तोंडावरून काढले नाहीत. बोटांमधून म्हणाली, "आंब्याएवढी. फुटली होती. वर्षभर ती पाला लावत होती." आणि एवढं म्हटल्यावर ती थांबली, जणू तिनेच ते पहिल्यांदा ऐकलं.

दारात सावली पडली. बघ्या बायका बाजूला झाल्या होत्या आणि उंबऱ्याबाहेर कस्मिनी उभी होती, गळ्याच्या शिरा दिसत असलेली, हातात भज्यांचं ताट, वर झाकण. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने वेनिंगकडे पाहिलं नाही, स्पंजाकडे पाहिलं नाही.

"मोरीत?" तिने विचारलं.

वुर्यानीच्या जिभेवर किती गोष्टी आल्या. एखाददुसऱ्या वेळी, म्बाक्यू. रागात बोलले, म्बाक्यू. पोरीला घाबरवायला म्हटलं. वेनिंगने तोंडावरचे हात खाली घेतले होते आणि ती टक लावून वुर्यानीकडेच बघत होती, आता ही काय म्हणते ते.

"हो, म्बाक्यू," वुर्यानी म्हणाली. "रोज."

ताट घेऊन कस्मिनी तशीच वळली आणि बायकांमधून वाट काढत गेली, आणि तिची चप्पल गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिली. वुर्यानीला धावत जाऊन तिचे पाय धरावेसे वाटले. ती उठली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

मग वेनिंगने बाहेरच्या बायकांच्या तोंडावर दार लावलं, परत येऊन खाली बसली आणि विचारलं, "भूल देतात तेव्हा कळतं का काही?"